हवेवर कसला आलाय कायदा?

आज साखरपुड्याच्या पंगतीत एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाळ, हवेवर कसला आलाय कायदा? आणि त्यावर पीएचडी?" सगळे हसले. माझी पीएचडी हवामान बदलाच्या कायद्यावर आहे. शुभकार्यात नको म्हणून तिथे गप्प बसले, पण आता लिहितेच.

काका, तुमचीही बागायतीची वाडी श्रीवर्धनलाच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात आजोबांची रोठा जातीची सुपारीची झाडं एका दुपारीत आडवी झाली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आजोबा एकेका झाडाचं वय सांगत होते आणि कागदावर फक्त क्षेत्र लिहिलं जात होतं. भरपाई दर हेक्टरी ५०,००० रुपये. आपल्याकडे हेक्टरभर वाडी असते कोणाची? गुंठ्याला साधारण ५०० रुपये झाले. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, ती कुठल्याच रकान्यात बसली नाहीत.

नुकसान कोणी मोजायचं, कोणी भरायचं, हाच माझा विषय. २०१५ च्या पॅरिस हवामान करारात, हवामान बदलामुळे होणाऱ्या हानी-नुकसानीसाठी आठवं कलम आलं खरं, पण सोबतच्या निर्णयात श्रीमंत देशांनी ५१ वा परिच्छेद घालून घेतला: या कलमाच्या आधारे दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही. दीडशे वर्षं धूर सोडायचा आणि बिल येण्याआधीच हात झटकायचे! हे वाचताना मला दर वेळी आजोबांसमोरचा तो कागद दिसतो.

आणि कायद्याने काही होत नाही म्हणता? पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये यावर न्यायालयाचं मत घ्या, अशी मागणी सुरू केली, वानुआतूसारख्या चिमुकल्या देशाने ती संयुक्त राष्ट्रांत नेली, आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सांगितलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते मोडलं आणि नुकसानीशी थेट संबंध दाखवता आला, तर भरपाईही द्यावी लागू शकते.

हो, ते मत सल्ल्यापुरतं आहे, बंधनकारक नाही. आणि सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधनं नकोत, असं त्याच न्यायालयात आपल्या भारतानेही सांगितलं, हेही खरं. गरीब देशांवर ओझं पडेल ही भीती मला कळते. तरी पटत नाही. वाडी आपली मोडते, मग "थेट संबंध" दाखवायची तयारी आपणच करायला नको?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. वादळानंतर आमच्या घरावर पत्रे चढवायला सगळ्यात आधी हेच काका आले होते. त्यांना विषय माहीत नाही, कारण आम्ही अभ्यास करणारे तो गावात येऊन सांगतच नाही.

अशा नुकसानीत गरीब देशांना मदत करणारा हानी-नुकसान निधी २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत मान्य झाला. त्यातला पैसा कधी आलाच, तर तो गुंठ्यांच्या वाडीपर्यंत कुठल्या हिशेबाने पोचायचा? माझ्या प्रबंधाचं पुढचं प्रकरण यावरच आहे आणि त्यासाठी २०२० चे पंचनामे हवेत. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली, कुठलाही चालेल. घरात जुन्या फायलीत प्रत सापडली तर फोटो इनबॉक्स करा, नाव-गट नंबर झाकून. काका, तुमचीही द्या.