भाच्याच्या तोंडाला पाचपैकी २.७

घरात लग्नाचा मुलगा असेल तर पत्रिका गुंडाळून ठेवा. गुण जुळवायचे ते आता थोबाडाचे. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याचे जुळवले. मुलीच्या काकांचा ठाण्याहून फोन आला. "मुलगा चांगला आहे हो, पण एआयने चेहऱ्याला पाचपैकी २.७ दिले. आम्ही साडेतीनच्या वरचे बघतोय." वर दिलासा दिला, "वंशगटाप्रमाणे काढलाय स्कोअर, म्हणजे अन्याय नको." केवढं ते मन! मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या मेल्याक इचार, स्वतःचो फोटो घातलंस काय त्येच्यात?"

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून अनुभवाचे दोन शब्द.

जेटीवर फोटो काढू नका. भाच्याने काढला, भर दुपारी, होडीला टेकून, डोळे मिचकावत. यंत्राला ऊन कळत नाही.

सेल्फीही नको. फूटभर अंतरावरून काढली की पुरुषाचं नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आणि नाकाला जपायलाच हवं, ती जुनी परंपरा आहे. १९०१च्या जनगणनेचा प्रमुख रिस्लेसाहेब नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावायचा. तेव्हा कंपासपेटी होती, आता मोबाइल आहे.

मिशी काढा. किंवा ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं, आपला वंशगट आधी ठरवून घ्या. काकांचं ॲप कशावर शिकलंय ते काकांनाही ठाऊक नाही, पण ही यंत्रं शिकतात कशी ते बघा. संशोधकांचा एक लाडका फोटोसंच आहे, दक्षिण चीन तंत्रज्ञान विद्यापीठाचा, २०१८ सालचा. ५५०० चेहरे. पुरुष म्हणाल तर आशियाई २००० आणि कॉकेशियन, म्हणजे गोरे, ७५०. ६० जणांना बसवून चेहऱ्यांना एक ते पाच गुण द्यायला लावले, सरासरी काढली आणि यंत्राला शिकवलं, याला म्हणतात देखणेपण. गट दोनच. आता वेंगुर्ल्याच्या माणसाने कुठे बसायचं? त्यातले आशियाई म्हणजे बहुतेक चिनी. आमच्याकडे एका आळीत घारे डोळे, पलीकडच्या आळीत गव्हाळ रंग, बंदरावर उन्हाने रापलेले. सख्खे भाऊ घ्या, एक आईवर गेलेला, एक बापावर. घाला त्यांना एका गटात! आणि गट पाडून गुण दिले म्हणून न्याय झाला कसा? गुण देणारे तर तेच. यंत्राला भाचा नापसंत पडला असं नाहीच मुळी. यंत्राला पसंत-नापसंत काही नसतं. कुठल्याशा माणसांना कोण आवडलं असतं, याचा त्याने अंदाज बांधला. ती माणसं आलीत का कधी वेंगुर्ल्याला? त्यांना मुलगी द्यायचीय का?

२०१६ साली यंत्रांना परीक्षक नेमून जागतिक सौंदर्यस्पर्धाही झाली. शंभरावर देशांतून सुमारे ६००० जणांनी फोटो पाठवले, त्यांत भारतातलेही पुष्कळ. ४४ विजेते निघाले, जवळजवळ सगळे गोरे, सावळा-काळा म्हणावा असा एक. यंत्राला गोऱ्यांना निवडा असं कोणी सांगितलं नव्हतं. शिकवायला ठेवलेल्या फोटोंत इतर रंगाची माणसंच कमी होती, एवढंच.

खोटं कशाला बोलू, आमच्या ताईनेही भाच्याच्या बायोडेटात 'अपेक्षा: गोरी, सडपातळ' असं लिहिलं होतं. पोह्यांची बशी घेऊन आलेल्या किती पोरींना आपण असेच गुण दिलेत, तेही यंत्राशिवाय. ती ओळ मी परवा खोडली. ताई अजून बोलत नाहीये माझ्याशी.

पण काका, आता सरळच बोलतो. पोराच्या होडीवर कर्ज किती, हे विचारलंत? दारू पितो का? पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा काय करतो? आईशी कसा बोलतो? एक प्रश्न नाही! फोटो घातला, आकडा आला, नकार कळवला. भाजी घेताना वांगंसुद्धा हातात धरून बघता ना? आणि तुमच्या पुतणीने भाच्याला दोनदा स्वतःहून फोन केला होता, दुसऱ्यांदा तासभर बोलत होती, हे तुम्हाला माहीत तरी आहे का? तिला विचारलंत? नाही ना? मग ठेवा तो मोबाइल खाली, आधी तिला विचारा, आणि मग मला फोन करा.