त्यांना रांगेत उभं राहू द्या

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर परवा एक फोटो फिरला. एके काळी नाव असलेले एक वादक बँकेच्या रांगेत, हातात पासबुक. खाली लिहिलेलं, "काय दिवस आले बघा!" मग रडके चेहरे, आणि मग वाद: सरकारने काही करायला हवं, की त्यांनीच उमेदीत चार पैसे बाजूला टाकायला हवे होते? मी एवढंच म्हटलं की म्हातारा माणूस स्वतःच्या पायांनी बँकेत आलाय, यात रडण्यासारखं काय आहे? मामेभावाचं उत्तर तयारच होतं. "तिकडे बसून बोलायला काय जातं!"

हो, तिकडे बसूनच बोलतोय.

गेल्या हिवाळ्यात लंडनमध्ये फार्मसीच्या रांगेत माझ्यापुढे एक गिटारवादक उभे होते. शाळेत असताना थोरल्या भावाच्या कॅसेटवर त्यांना ऐकत मी मोठा झालो. नाव लिहीत नाही. ते औषध न्यायला आले होते, मला भेटायला नव्हे. काउंटरवरच्या मुलीने त्यांना आडनावाचं स्पेलिंग विचारलं. त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. रांगेतलं कुणी वळूनही पाहिलं नाही, मोबाइल कुणी काढला नाही.

बाहेर बस स्टॉपवर मात्र मला राहवलं नाही. सांगितलं, भावाने कॉपी केलेल्या कॅसेटवर शेवटच्या गाण्यात तुमचा सोलो सुरू व्हायचा आणि टेप संपायची. त्यांनी विचारलं, "मग पुढचं कधी ऐकलंत?" म्हटलं, या देशात आल्यावर. ते मनापासून हसले. तेवढ्यात बस आली, ज्येष्ठांना मिळणारा मोफत प्रवासाचा फ्रीडम पास टेकवून ते वर गेले.

त्यांची मला कीव आली नाही, कारण रांगेत उभं राहिल्याने कलावंत लहान होत नाही. कीव करायचीच तर वाजवलेल्याचा वाटा न मिळण्याची करा. इथे रेडिओवर गाणं लागलं की पीपीएल या हक्कांचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत मागे बसून वाजवणाऱ्यालाही पैसे पोचतात. 2013 मध्ये ध्वनिमुद्रणांच्या हक्काची मुदत 50 वरून 70 वर्षांवर गेली, तेव्हा वाढीव वर्षांच्या विक्रीतले 20 टक्के सेशन वादकांसाठी, म्हणजे रेकॉर्डिंगपुरतं बोलावलेल्यांसाठी, राखायची अट कायद्यातच घातली. आपल्याकडे साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, तर रफीसाहेबांशी बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. कायद्यात सादरकर्त्यांच्या रॉयल्टीची तरतूद झाली ती 2012 च्या दुरुस्तीत. फोटोतल्या वादकांची उमेद तोवर सरली होती. त्यांच्या काळातल्या किती रेकॉर्डवर साथीदारांची नावं सापडतात, शोधून बघा.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. त्या बस स्टॉपवरची गोष्टही मी तिथे टाकली नाही, कारण भाऊ सोडला तर तो बँड कुणाला माहीत नाही. ऑफिसातल्यांना बँड माहीत आहे, पण तुटलेल्या सोलोशी त्यांना काय देणंघेणं? माझं अख्खं बालपण समजणारा माणूस मला दोन्हीकडे सापडत नाही, आणि हे मला बोचतं. म्हणून तर मामेभावाचं ते "तिकडे" इतकं लागलं.

शेवटी ग्रुपवर एकच प्रश्न विचारलाय: फोटोतल्या या वादकांनी वाजवलेली पाच गाणी कोण सांगेल? मला तीन आठवताहेत.