फसवणूक स्थळाची की संस्थेची?

परदेशस्थ नवरदेवाने फसवल्याची बातमी महाराष्ट्रात छापून आली की त्यानंतरची चर्चा कोणत्या वाटेने जाणार, हे अमेरिकेत बसूनही मला आता सांगता येते. मुलीकडच्यांनी नीट चौकशी का केली नाही, परदेशाचा एवढा मोह कशाला, असे प्रश्न आधी विचारले जातात आणि मग अनिवासी भारतीयांसाठी कडक कायद्याची मागणी होते. ज्या संस्थेने नोंदणीचे पैसे घेतले, 'पडताळणी केलेले स्थळ' अशी ग्वाही दिली आणि फोन क्रमांक हाती ठेवला, तिचे नाव मात्र या चर्चेत सहसा निघत नाही. मराठीत विवाह जुळवणाऱ्या दुकानालाही आपण 'विवाहसंस्था' म्हणतो, त्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे लग्नसंस्थेवरच घाव घालणे, असे काहींना वाटत असावे!

कायद्याचा रोखही नवऱ्यावरच राहिला आहे. २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकात अनिवासी भारतीयाच्या विवाहाची ३० दिवसांत नोंदणी करण्याची तरतूद होती, आणि विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७व्या अहवालात या विषयावर सर्वंकष कायद्याची शिफारस केली. विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये सूचना काढल्या, ज्यांत तक्रार अधिकारी नेमण्याची आणि सदस्यांच्या नोंदी जपण्याची अपेक्षा आहे; पण त्या सूचना आहेत, स्वतंत्र कायदा नव्हे.

अमेरिकेने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. आंतरराष्ट्रीय विवाह दलालांच्या नियमनाचा २००५ चा कायदा थेट मध्यस्थावर जबाबदारी टाकतो. अमेरिकी ग्राहकाचे नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत तपासायचे, त्याचे पूर्वीचे विवाह आणि गुन्हे यांची माहिती परदेशातील स्त्रीला तिच्या भाषेत द्यायची आणि तिची लेखी संमती मिळाल्याशिवाय तिचा संपर्क त्याला द्यायचा नाही, असा हा दंडक आहे. मात्र त्यात पळवाटा आहेत. ना-नफा तत्त्वावरील पारंपरिक, सांस्कृतिक वा धार्मिक संस्था त्यातून वगळलेल्या आहेत, आणि ज्यांचा मुख्य व्यवसाय आंतरराष्ट्रीय जुळवणी हा नाही व जे सर्वांना सारखेच दर लावतात, तेही वगळलेले आहेत. आपल्या लोकांची बरीचशी लग्ने याच दोन दारांतून जुळतात.

तरीही येथील एक गोष्ट मला मोलाची वाटते, ती म्हणजे तक्रार हा येथे अब्रूचा नव्हे तर हिशेबाचा विषय मानला जातो. प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या सुमारे ७०,००० तक्रारी २०२२ मध्ये संघीय व्यापार आयोगाकडे आल्या आणि त्यांत कळवलेले नुकसान १.३ अब्ज डॉलर होते. आयोग एकेकट्या तक्रारीचा निवाडा करून पैसे मिळवून देत नाही, हे खरे. पण त्या नोंदी तपास यंत्रणांना उपलब्ध होतात. भारतातील यंत्रणाही, लोक समजतात तितकी, दुबळी नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर वेळेत कळवले तर पुढच्या खात्यात पोहोचलेले पैसे गोठवता येतात, भारतीय न्याय संहितेची ३१८ आणि ३१९ ही कलमे फसवणूक आणि तोतयेगिरीसाठी आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला तो राहतो तेथील ग्राहक आयोगाकडे जाता येते.

अडचण निराळीच आहे. माझ्या एका परिचिताने भारतातील एका संस्थेला क्रेडिट कार्डाने मोठी रक्कम भरली. संस्थेने पाच स्थळे पाठवली आणि पाचही मुलींनी नकार दिल्याचे कळवले. त्यांपैकी दोघींची लग्ने केव्हाच झाली होती, हे त्याला पुढे योगायोगाने समजले. येथील नियमाप्रमाणे बिल पाठवले गेल्यापासून ६० दिवसांच्या आत त्याने लेखी हरकत घेतली आणि पैसे परत मिळाले. पुढची पायरी म्हणजे भारतात तक्रार. ती त्याच्या आईने अडवली, कारण धाकट्या बहिणीचे लग्न अजून ठरायचे होते आणि आई गावात बोभाटा नको म्हणत होती.

'आम्ही केवळ माध्यम आहोत' हे संस्थेचे ठरलेले उत्तर असते. सदस्याने स्वतः भरलेल्या माहितीपुरते ते ग्राह्य धरता येईल, पण संस्थेचा माणूस फोन करून 'हे स्थळ मी स्वतः पाहिले आहे' असे सांगतो, तेव्हा तो माध्यम उरत नाही, असे माझे मत आहे. म्हणूनच त्या फोनची तारीख, व्हॉट्सॲपवरचे संदेश, पावती आणि करारातील अटी सदस्यत्व संपण्यापूर्वीच जपून ठेवाव्यात. खाते बंद झाले की त्यातला मजकूर आपल्याला दिसेनासा होतो.

परिचिताने हे सारे जपून ठेवले आहे. आईचे म्हणणे, धाकटीचे ठरू दे, मग पाहू. दरम्यान त्या संस्थेची जाहिरात चालूच आहे.