प्रेक्षक म्हणून कोणाला मोजायचे?

६ जून २०२५ रोजी ‘हाऊसफुल ५’ मुंबईत आणि लंडनमध्ये एकाच दिवशी लागला, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांतच आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्यावरून चांगलीच जुंपली. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका आलिशान जहाजावर, आपल्या शंभराव्या वाढदिवशी, एक अब्जाधीश मरण पावतो. त्याची मालमत्ता ‘जॉली’ नावाच्या मुलाला मिळायची असते आणि जॉली म्हणून तीन जण हजर होतात. मग खून पडतात, आणि खुनी कोण याची उत्तरेही दोन मिळतात, कारण चित्रपट ‘५ए’ आणि ‘५बी’ अशा दोन वेगवेगळ्या शेवटांसह चित्रपटगृहांत लावण्यात आला. या वेडेपणाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्याच्या आडून पावणेतीन तासांच्या आसपास चालणाऱ्या कुचेष्टेला, कारण त्यातली जवळपास प्रत्येक स्त्री पडद्यावर येते ती कोणाच्या तरी नजरेने चाचपली जाण्यासाठी.

गटावर दोन तट पडले. आमच्या थोरल्या मामांनी हल्लीचा प्रेक्षकच बिघडला आहे असा निकाल दिला. दुसऱ्या बाजूला डोंबिवलीचा माझा चुलतभाऊ म्हणाला की ताई, असले सिनेमे डोके बाजूला ठेवून बघायचे असतात, त्यात आपला रितेश आहे, नाना आहेत, श्रेयस आहे, आणि दिवसभर राबलेल्या माणसाने घटकाभर हसू नये का? पहिल्याच आठवड्यात चित्रपट शंभर कोटींच्या पुढे गेल्यावर तर त्याच्या दृष्टीने वादच संपला. लोकांनी कौल दिला होता. मामा त्या लोकांवर रागावले होते आणि भाऊ त्यांची बाजू लढवत होता, पण हे ‘लोक’ म्हणजे सगळे एका सुरात हसणारे, याविषयी दोघांचेही एकमत होते. मला बोलायचे आहे ते याच गृहीतकाविषयी.

त्याच सुमारास अक्षय कुमार यांची एक चित्रफीत सगळीकडे फिरली. वांद्र्यातल्या एका चित्रपटगृहाबाहेर, चित्रपटातल्या खुन्याचा मुखवटा चढवून आणि हातात माइक धरून, ते बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना सिनेमा कसा वाटला म्हणून विचारत होते. कल्पना गमतीची होती आणि लोकांनी उत्तरेही मोकळेपणाने दिली. वांद्र्याच्या गेटी-गॅलेक्सीबाहेर शुक्रवारी माइक घेऊन उभी राहणारी यूट्यूबवाली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या ‘पब्लिक रिव्ह्यू’ची रीत ठाऊक आहे. दारातून लोंढा बाहेर येतो, त्यातले उत्साही चेहरे हेरले जातात, ‘पैसा वसूल’ किंवा ‘डोक्याला ताप’ यांपैकी एक उत्तर मिळते, किती तारे देणार ते विचारले जाते आणि माइक पुढच्या माणसाकडे वळतो. मान खाली घालून रिक्षाच्या दिशेने निघून जाणाऱ्या बाईपुढे तो सहसा धरला जात नाही.

माझ्या वहिनीचे, म्हणजे याच चुलतभावाच्या बायकोचे, म्हणणे मला असेच फार उशिरा कळले. गटावर तिने अवाक्षर काढले नव्हते. नंतर फोनवर वेगळ्याच विषयावर बोलताना ती सहज म्हणाली, “मला मध्यंतरातच उठून यावंसं वाटत होतं हो, पण चार तिकिटं काढलेली, मुलं खुशीत होती, मग म्हटलं कशाला सगळ्यांचा विरस करायचा.” शंभर कोटींच्या हिशेबात तिचेही तिकीट आहे, आणि ते पसंतीचे म्हणूनच जमा झालेले आहे.

दमलेल्या माणसाचे कारण मी हलक्यात घेत नाही. विरार फास्टमध्ये तासभर लोंबकळत घरी पोहोचणाऱ्याने रविवारी गारेगार चित्रपटगृहात बसून काहीतरी बिनडोक पाहावे, यात गैर ते काय? मात्र त्याच गाडीला महिलांचा डबाही असतो आणि त्यातल्या बायकाही तितक्याच दमलेल्या असतात. फलाटावर, पुलावरच्या गर्दीत, कार्यालयाच्या लिफ्टमध्ये जी शेरेबाजी त्यांनी आठवडाभर कानाआड केलेली असते, तीच रविवारी पैसे मोजून, मोठ्या पडद्यावर आणि नवऱ्यामुलांच्या शेजारी बसून ऐकायची असेल, तर विरंगुळा नेमका कोणाचा झाला? आणि मामांसारखी जी मंडळी सगळा दोष स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकावर टाकतात, त्यांनाही हे सांगायला हवे की मी हा चित्रपट पश्चिम लंडनमधल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, तिथे बहुतेक जण चांगल्या नोकऱ्यांतले होते, आणि त्या विनोदांना तिथेही शिट्ट्या आल्या. फरक एवढाच जाणवला की तीन जॉली समोरासमोर येतात तेव्हा सारे सभागृह एकत्र खळखळून हसले, आणि बाईच्या अंगावरून विनोद झाला की हशा तुटक होऊन ठरावीक खुर्च्यांतूनच येऊ लागला. विक्षिप्तपणा आणि हेटाळणी यांतला भेद प्रेक्षकाला कळत नाही, हे मला म्हणूनच पटत नाही.

लंडनमध्ये राहणाऱ्याने तिथल्यांना शिकवायला जाऊ नये, असेही भावाने सुनावले. ते मी मान्य करते, कारण इंग्लंडचा या बाबतीतला इतिहास मिरवण्यासारखा नाहीच. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची सोंगे आणायची, असा ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ बीबीसीने १९५८ पासून १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे चालवला. १९६७ मध्ये वंशभेदविरोधी मोहिमेने तो बंद करावा म्हणून निवेदन दिले, तरीही तो पुढे अकरा वर्षे चालूच राहिला. लाखो कुटुंबे शनिवारी एकत्र बसून तो आनंदाने बघत असत आणि त्यात कोणाला दुखावण्याचा हेतू नाही हेच तेव्हाचेही समर्थन होते. कोटींचे आकडे पुढे करून वाद मिटवणाऱ्यांनी ही वीस वर्षे लक्षात घ्यावीत.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेचे आहे. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर गाजलेली ही मालिका सुरुवातीला घडते ती चक्क आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश छावणीत. तिच्यातला रंगी राम हा भारतीय नोकर मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा काळवंडवून रंगवला होता. बेट्स यांचा जन्म झाशीचा, त्यांना हिंदुस्तानी बोली उत्तम अवगत होती, आणि भोवतालच्या गोऱ्या साहेबांचीही त्या मालिकेत यथेच्छ टर उडवलेली असे, हे सगळे खरे आहे. पण लंडनच्या महाराष्ट्र मंडळात भेटणारे एक काका, जे त्या वर्षांत परळहून येऊन इथल्या कारखान्यात लागले होते, त्यांनी मला एकदा दुसरी बाजू सांगितली. मालिकेचा भाग लागून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डावर वेळ टोचण्याच्या यंत्रापाशी चार-पाच सहकारी हात जोडून, मान डोलवत, त्या नोकराच्या लकबीत त्यांचे स्वागत करत. मी त्यांना विचारले, “मग तुम्ही काय करत होता?” काका म्हणाले, “काय करणार? मीही हसायचो. तासाभरात त्यांच्याच शेजारी मशिनवर उभं राहायचं असायचं.” त्या मालिकेचा प्रेक्षक मोजताना काका खूश प्रेक्षकांतच धरले गेले असणार, कारण त्यांच्या घरीही दूरचित्रवाणी संच होता आणि त्यावर ती लागत होती.

बदल घडला तो इंग्रज माणूस एकाएकी सुसंस्कृत झाला म्हणून नव्हे. काकांची मुले-पुतणे या देशात लहानाची मोठी झाली, बीबीसी ज्यावर चालते ते दूरचित्रवाणी परवाना शुल्क भरू लागली, लिहू लागली आणि कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. १९९८ मध्ये ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा त्यांचा विनोदी कार्यक्रम बीबीसीच्या पडद्यावर आला. त्यात भारतीय वंशाची टोळकी इंग्रजी खाणावळीत जाऊन सर्वांत बेचव पदार्थ मागवतात आणि वेटरच्या नावाचे मोडतोड करून उच्चार करतात असा प्रसंग आहे, आणि त्याला गोरे प्रेक्षकही पोट धरून हसले, कारण आपण करी खायला जातो तेव्हा कसे वागतो हे त्यात लख्ख दिसत होते. तो प्रसंग विक्षिप्त होता, अतिरेकी होता, बोचराही होता, पण ज्यांची आजवर टिंगल झाली तेच तो रचत होते. जुन्या गोष्टी कापून टाकण्याचा जो मार्ग इथे अधूनमधून स्वीकारला जातो, त्याने मला तितकेसे समाधान वाटत नाही. ‘लिटल ब्रिटन’ ही विनोदी मालिका २०२० मध्ये बीबीसीच्या संकेतस्थळावरून काढली गेली आणि २०२२ मध्ये काटछाट करून परत आणली गेली; त्यातून विनोद कोणाच्या जिवावर होतो, यावरची चर्चा पुढे सरकली असे मला दिसले नाही.

आपल्याकडे तर ही समज उसनी आणण्याचीही गरज नाही. तमाशातला सोंगाड्या राजाची आणि प्रधानाची खिल्ली उडवतो. दादा कोंडके यांचा चावटपणा ज्यांना रुचत नाही त्यांनीही हे मान्य करावे की त्यांच्या चित्रपटातला भोळा, गबाळा माणूस शेवटी शहाण्यांना पुरून उरतो. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालची आहे. तिच्यात पुरुष बायकांची सोंगे घेतात आणि तरीही ती आज घरोघरी आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना एकत्र पाहता येते, कारण तिच्यातला सगळा गोंधळ भाड्याची खोली हातची जाईल या भीतीतून जन्मतो, आणि ती भीती मुंबई-पुण्याच्या माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. हे म्हणताना मराठी वाहिन्यांवरच्या विनोदी कार्यक्रमांकडे मात्र मला डोळेझाक करता येत नाही. रंग, जाडी आणि साडी नेसलेला पुरुष यांवर तिथेही बिनदिक्कत वेळ मारून नेली जाते, आणि तिथे आपण ‘हिंदीवाल्यांनी बिघडवले’ असे म्हणू शकत नाही.

माझा मामेभाऊ लहानपणापासून पायाला कॅलिपर लावून चालतो. २०१६ मध्ये ‘हाऊसफुल ३’ आला तेव्हा कार्यालयातल्या मित्रांनी त्याला हौसेने बरोबर नेले होते. त्या चित्रपटात तिघे नायक अपंग असल्याचे ढोंग करतात, एक चाकाच्या खुर्चीत, एक आंधळा आणि एक मुका. चाकाच्या खुर्चीवरचा पहिला विनोद झाला तेव्हा त्या रांगेतली सगळी डोकी क्षणभर त्याच्याकडे वळली. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. तो हसतो आहे ना, एवढेच त्यांना पाहायचे होते. तो सर्वांत मोठ्याने हसला. पुढे कित्येक महिने कार्यालयात त्याला त्या पात्राच्या नावाने हाक मारत, आणि त्याने कधी हरकत घेतली नाही, कारण घेतली असती तर ‘याला विनोद कळत नाही’ असा शिक्का बसला असता.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर जो निकाल दिला, त्याची मुंबईत जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झालेली मला दिसली नाही. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या पीठाने एका हिंदी चित्रपटातल्या अपंगांच्या चित्रणासंबंधी त्या निकालात अपंगत्वाकडे समजुतीने पाहणारा विनोद आणि अपंगाला आणखी पंगू करणारा विनोद असा फरक केला. न्यायालयाने कात्री चालवली नाही. मात्र असे चित्रण करताना त्या माणसांना आधी विचारावे, आमच्याविषयीचे काही आमच्याशिवाय ठरू नये, हे तत्त्व चित्रपटसृष्टीपुढे ठेवले. बंदीपेक्षा हा मार्ग मला कितीतरी अधिक परिणामकारक वाटतो, कारण त्यात हसवणाऱ्याचे स्वातंत्र्य शाबूत राहते आणि माझ्या मामेभावासारखा माणूस पटकथा लिहिली जात असतानाच मोजला जातो.

लोकांना हेच हवे असते, हा निर्मात्यांचा दावाही तपासून पाहण्यासारखा आहे. २०१२ मध्ये ‘हाऊसफुल २’ चालला, आणि त्याच दिग्दर्शकाने त्याच मसाल्याचा, वेड्यांच्या इस्पितळावर बेतलेल्या विनोदांचा ‘हमशकल्स’ २०१४ मध्ये आणला तेव्हा त्याच प्रेक्षकांनी नाक मुरडले. बिपाशा बासू प्रसिद्धीच्या कार्यक्रमांपासून दूर राहिल्या आणि सैफ अली खान यांनी पुढे त्या भूमिकेबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. कलावंताला नकार देता येतो आणि केल्यावर बोलताही येते, एवढे त्यातून नक्की दिसते.

म्हणूनच माझी अपेक्षा मामांच्या ‘बिघडलेल्या प्रेक्षका’कडून नाही, ती मराठी पत्रकारांकडून आणि मुलाखतकारांकडून आहे. रितेश देशमुख हे ‘हाऊसफुल’ मालिकेच्या पाचही भागांत आहेत. त्यांनीच ‘वेड’सारखा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला आणि छत्रपती शिवाजी महाराजांवरच्या चित्रपटाचे शिवधनुष्यही उचलले. त्यांच्याविषयी घराघरांत आपुलकी आहे, आणि आपुलकीच्या माणसाला अवघड प्रश्न विचारता येतो. पुढच्या वेळी ते मराठी स्टुडिओत येतील तेव्हा सेटवरच्या गमतीजमती विचारून झाल्यावर त्यांना एवढे जरूर विचारावे की हे विनोद लिहिले जात असताना त्या खोलीत किती स्त्रिया होत्या, आणि चाकाच्या खुर्चीचा प्रसंग चित्रित होण्यापूर्वी रोज तशा खुर्चीत बसणाऱ्या एखाद्याला तो वाचून दाखवला होता का.