ग्रहणातली सुरी, टाळूवरचं तेल आणि 'पाऊण तासाचं ऑपरेशन'

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. थोडक्यात असा: ओठ फाटलेलं बाळ झालं म्हणजे आईने ग्रहणात सुरी धरली असणार, टाळू फाटली असेल तर रोज तेल भरा, आपोआप जुळते, नाहीच जुळली तर पाऊण तासाचं एक ऑपरेशन की विषय संपला, आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा असोसिएशनने काढलेलं ते वेगवेगळ्या डॉक्टरांच्या 'टीम'चं खूळ म्हणजे वीस वर्षं बिलं फाडायचा धंदा. खाली हात जोडलेले इमोजी. एरवी मी डिलीट करून मोकळी होते, पण यावेळी काकूंनी तो गावाकडच्या शेजाऱ्यांसाठी टाकलाय, त्यांच्याकडे गेल्या आठवड्यात असंच बाळ झालंय, आणि माझा मुलगाही असाच जन्मलाय, आता नऊ वर्षांचा आहे, आम्ही पेनसिल्व्हेनियात असतो, म्हणून लिहितेय.

आधी ग्रहण. वरचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन जुळतो तो गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू साधारण नवव्यापर्यंत. म्हणजे घरात अजून कुणाला गोड बातमी सांगितलेली नसते तेव्हाच ओठाचं काम उरकलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात तुम्ही कांदा चिरा नाहीतर लाकडं फोडा, जुळलेला ओठ काही उसवत नाही. आणि गंमत म्हणजे मेक्सिकोतही ग्रहणाने ओठ फाटतो अशीच समजूत आहे, फक्त उलटी! तिकडे गरोदर बाई ग्रहणात पोटापाशी सेफ्टी पिन नाहीतर किल्ली लावते, धातू जवळ असला की बाळ वाचतं म्हणे. आपल्याकडे धातू धरला की फाटतो. दोघांनी एकदा बसून ठरवा काय ते. खरी कारणं म्हणजे जीन्स, आईला आधीपासून असलेला डायबेटिस, सिगरेट, फिट्सच्या काही गोळ्या, आणि पुष्कळदा बोट ठेवता येईल असं एक कारण सापडतच नाही. जगात साधारण ७०० बाळांमागे एकाला होतं हे, एवढ्या सगळ्या आया काय सुऱ्या घेऊन बसल्या होत्या? मलाही बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी फोनवर विचारलं होतं एकांनी, भाजी चिरली होतीस का गं. विसरले नाहीये मी.

तेलाचा घोळ निव्वळ भाषेचा आहे. आपल्या मराठीत डोक्यावरची मऊ जागा पण टाळू आणि तोंडातलं छत पण टाळू. डोक्यावरची दीड-दोन वर्षांत आपली आपण भरते, तेल घाला न घाला. तोंडातली फट भरत नाही, शिवावीच लागते. आणि कुणी उत्साहाने तोंडात तेल सोडलं तर ते श्वासनळीत जायचं, तेवढं प्लीज नको.

आता पाऊण तास. ओठाचं ऑपरेशन फार लांबत नाही हे खरंय, आमचं साडेतीन महिन्यांचं असताना झालं, फोटो सुंदर आले आणि मलाही वाटलं सुटलो. मग वर्षाचा होताना टाळूचं. मग कान, कारण टाळूचे जे स्नायू कानाची नळी उघडतात तेच नीट जोडलेले नसतात, पडद्यामागे पाणी साठतं, मूल कमी ऐकतं आणि आपल्याला वाटतं हट्टी आहे. मग बोलणं. प, ब, ट, क म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते, ती नाकातून निसटली की 'ब'चा 'म' होतो, आमच्याकडे नवरा दीड वर्ष 'बाबा'चा 'मामा' झाला होता, आम्ही हसायचो, आणि स्पीच थेरपिस्टने सांगितलं तेव्हा हसू थांबलं. काही मुलांना त्यासाठी टाळूचं दुसरं ऑपरेशन लागतं. आता सुळा यायच्या आत हिरडीतल्या फटीत कमरेचं हाड घेऊन भरायचंय, मग दातांना तारा, आणि गरज पडली तर जबड्याचं, पण ते वाढ पूर्ण झाल्यावरच. मूल वाढतं, चेहरा वाढतो, म्हणून वीस वर्षं, कुणाला हौस नाहीये.

असोसिएशनचं म्हणाल तर तिचं नाव अमेरिकन क्लेफ्ट पॅलेट-क्रॅनिओफेशियल असोसिएशन, १९४३ सालची, आणि ती सर्जन लोकांच्या डोक्यातून नाही, दातवाल्यांच्या डोक्यातून निघाली, तेव्हा नावातच 'प्रोस्थेसिस' होतं, टाळूचं भोक बंद करायची कवळीसारखी प्लेट. त्याआधी १९३८ मध्ये इथल्याच लँकेस्टरला हर्बर्ट कूपर नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने, सगळ्यांना एका छताखाली आणणारं क्लिनिक काढलं होतं. ही असोसिएशन बिलं पाठवत नाही. टीममध्ये सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट, स्पीचवाले हवेतच, आणि सगळं जुळवणारा एक कोऑर्डिनेटर हवा, असे नियम तिने घालून दिलेत, त्यामुळे एकाच सर्जनने सगळं ठरवायचं हे थांबतं. उलट धंदा कमीच होतो की!

बिलांबद्दलचा राग मात्र मला समजतो. आमच्या इन्शुरन्स कंपनीने दातांचं काम 'कॉस्मेटिक' म्हणून दोनदा परत पाठवलं, मी फोनवर रडलेय. पण जन्मजात दोषांच्या उपचारांचे पैसे इन्शुरन्सने द्यावेत असा कायदा व्हावा म्हणून हीच असोसिएशन मागे लागलीये, २०२२ मध्ये तो अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात, हाउसमध्ये, पास झाला आणि वरच्या, सिनेटमध्ये अडकला.

काकू, त्या शेजाऱ्यांना एवढंच सांगा. आपल्याकडे सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात ओठ-टाळू बसतं, १८ वर्षांपर्यंत, फुकट, आशाताईंना विचारा म्हणावं. टाळू फाटलेली असेल तर बाळाला ओढून पिता येत नाही, दमून झोपतं आणि पोट भरलं असं वाटतं. दूध काढून वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने, बाळाला उभट धरून, थोडं थोडं, मधे मधे ढेकर काढून. हनुवटी फारच लहान असेल आणि श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर आजच हॉस्पिटल, उद्या नाही. आणि जन्माचं वजन किती होतं, आज किती भरलं, तेवढं विचारून मला कळवा.