मला चालवत नाही, म्हणून सायकल चालवतो

परवा गेटपाशी सायकल काढत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, आता बास करा की. चालताना लंगडता आणि सायकल कसली चालवता!" सूनबाईही हेच म्हणते. दोघींना काळजी आहे, हे मला कळतं. पण दोघींनी गोष्ट उलटी धरली आहे.

माझं वय 73. उजव्या गुडघ्याची गादी झिजली आहे. पुण्यात डहाणूकर कॉलनीतून कर्वे पुतळ्यापर्यंत चालत गेलो तर मध्ये दोनदा टेकावं लागतं. तेच अंतर सायकलवर न थांबता जातो. चालताना प्रत्येक पावलाला अंगाचं वजन गुडघ्यावर येतं. सायकलवर त्यातलं बरंचसं सीट पेलते, गुडघा नुसता फिरतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनीही मला आधी जागेवरच्या सायकलवरच बसवलं होतं.

मला त्रास होतो तो चढता-उतरताना. कसब्यातून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत मी तीसेक वर्षं दांडीच्या काळ्या सायकलवर गेलो. सुटीचा भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा. तेव्हा पळत पळत टांग टाकायचो. आता पाय तेवढा उचलत नाही, म्हणून लेडीज सायकल घेतली. पुरुषांनी यात लाज वाटून घेऊ नये.

सीटच्या बाबतीत मात्र चुकलो. दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून ती पार खाली घेतली आणि आठवड्यात गुडघा सुजला. सीट खाली गेली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो. मग दुकानदाराने क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, बदलून आखूड बसवला, 170 मिलिमीटरच्या जागी 152चा. पायडलचा फेरा लहान झाला. सीटही वर घेतली. आता थांबल्यावर चवडे टेकतात, तेवढं पुरतं.

एका जुन्या सहकाऱ्याने बॅटरीची सायकल घेतली आहे. पायडल मारलं की मोटर जोर देते, चढाला दम लागत नाही. 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर न जाणारी असेल तर लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. पोराबाळांनी आईवडिलांना सायकल सोडा म्हणण्याआधी ही एकदा दाखवावी.

आणि आपले सायकल ट्रॅक! तोंडाशी खांब, पुढे लावलेल्या गाड्या, मग हातगाडी, शेवटी अर्धा फूट उंच कडा. तरुण पोरगा सायकल उचलून पुढे जातो. मला प्रत्येक ठिकाणी उतरावं लागतं, पुन्हा चढावं लागतं, आणि दुखतं ते तिथेच. म्हणून मी नाइलाजाने रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, पीएमपीच्या बसगाड्यांच्या शेजारून. शहराचा सायकल आराखडा 2017 साली मंजूर झाला, त्यात शेकडो किलोमीटरचे मार्ग आहेत. मला एकच किलोमीटर द्या, पण सलग द्या. उतरावं न लागता भाजी घेऊन घरी येता आलं पाहिजे.

अंधार पडल्यावर मी सायकल काढत नाही, पावसातही नाही. मान वळवून मागची गाडी बघता येईनाशी झाली की सूनबाईला सांगावं लागणार नाही, मीच किल्ली तिच्या हातात देईन. अजून मान वळते.

कॉलनीत कुणाची सायकल जिन्याखाली पडून असेल तर रविवारी सकाळी घेऊन या. सीट बसवून देतो, पाना माझ्याकडे आहे. वहिनी, तुमचीही आणा.