पन्नास टक्क्यांचा सोलेभात

सौभाग्यवती लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या आणि ऐन चैत्रात स्वयंपाकघराचा प्रभार माझ्याकडे आला. त्यात मुलाने पुण्याहून पाठवलेला मायक्रोवेव्हही होता. आर्वी तालुक्यातील आमच्या गावात आच कमी करायची म्हणजे चुलीतली दोन लाकडे बाहेर ओढायची, एवढे मला ठाऊक होते. या यंत्राला मात्र आच टक्क्यांत सांगावी लागते, तीही टप्प्याटप्प्याने. एकतीस वर्षे शाळेत शेकडेवारी शिकवलेल्या माणसाला यात अवघड ते काय, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी भरताचे हिरवे वांगे अख्खे आत ठेवून मी पूर्ण शक्तीची आठ मिनिटे लावली. वांग्याला आधी काट्याने टोचे मारावेत, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ सालीखाली कोंडते, हे वाक्य पुस्तिकेत होते. पण ते बाराव्या पानावर होते आणि मी नवव्यावर होतो. सहाव्या मिनिटाला आवाज झाला. काचेपलीकडे वांग्याचा देठ तेवढा शाबूत राहून तबकडीवर संथपणे प्रदक्षिणा घालत होता आणि गर छताला लागला होता. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारले, "काय फुटलं जी गुर्जी, डीपी का?" खरवडून काढलेल्या गराचे मी भरीत केलेच, पण यंत्र वांग्यातले पाणी तापवते, साल जाळत नाही, त्यामुळे त्याला धुराचा वासही नव्हता. भरीत कसले, ते पथ्याचे जेवण झाले.

दुसऱ्या दिवशी सोलेभाताचा घाट घातला. हिवाळ्यात सोलून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले तुरीचे दाणे 30 टक्के शक्तीवर सावकाश मोकळे करायचे होते, पण मी घाईने 100 टक्के दिले. गोठलेला बर्फ या लहरींना फारशी दाद देत नाही आणि वितळलेले पाणी मात्र त्या अधाशासारखे शोषते, म्हणून जे कडेला आधी वितळले तेच आणखी तापत गेले. कडेचे दाणे वाळून चामट झाले आणि मधला गोळा दगडासारखा तसाच राहिला. मग तो गोळा फोडून, तांदूळ-पाणी घालून, पहिला टप्पा पूर्ण शक्ती पाच मिनिटे आणि दुसरा टप्पा निम्मी शक्ती बारा मिनिटे असा कार्यक्रम मी यंत्राला पढवला.

निम्म्या शक्तीचे कोडे उलगडले ते आमच्या जुन्या पिवळ्या बल्बमुळे. दुसरा टप्पा सुरू होताच बल्ब मलूल व्हायचा, यंत्र घुमू लागायचे, मग खट्‌ असा आवाज होऊन बल्ब पुन्हा उजळायचा आणि आत नुसता पंखा फिरत राहायचा. मी घड्याळ लावून मोजले, तर जेवढा वेळ मलूल तेवढाच वेळ उजळ. म्हणजे 50 टक्के ही मंद आच नव्हेच. लहरी निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी एकतर पूर्ण चालू असते किंवा पूर्ण बंद, आणि दर मिनिटाला ती निम्माच वेळ चालते. मधल्या सुट्टीत उष्णता कडेकडून आत झिरपते. 1945 साली रडारच्या अशाच नळीजवळ पर्सी स्पेन्सर या अमेरिकी अभियंत्याच्या खिशातली गोड वडी वितळली आणि त्यातून हे यंत्र सुचले, असे सांगतात. आमच्या गावाला मात्र ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. इथे तिला भारनियमन म्हणतात.

हा विचार मनात येतो न येतो तोच वीज गेली. दुसऱ्या टप्प्याची सात मिनिटे झाली होती. झाकण उघडले तर वाफ जाईल, म्हणून भांडे तसेच आत ठेवून मी अंगणात खाटेवर बसलो. वीज आली तेव्हा यंत्राला काहीच आठवत नव्हते, पडद्यावर नुसती शून्ये लुकलुकत होती. झाकण काढले तर शीत न्‌ शीत मोकळे! पुस्तिकेत शेवटी पाच मिनिटे झाकून ठेवायला सांगितले होते. भात पावणेदोन तास झाकलेला होता.

रात्री सौभाग्यवतींचा फोन आला. "जेवले का?"

"सोलेभात केला," मी म्हणालो.

"अन् दाने शिजले?"

"कडेचे," मी म्हणालो आणि बाळाचे वजन विचारले.